मीटर काय सांगतो आणि तेल काय सांगतं

जुनी फोर-बाय-फोर बाळगणाऱ्या माणसाला इंजिन ऑइल कधी बदललं ते तोंडपाठ असतं. त्यालाच गिअरबॉक्सचं, ट्रान्सफर केसचं आणि पुढच्या-मागच्या क्राउनचं (डिफरन्शियलचं) तेल शेवटचं कधी बदललं असं विचारा. बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘मागच्या मालकानं बदललं असेल.’ याला निष्काळजीपणा म्हणता येणार नाही. इंजिनाला डिपस्टिक असते, डॅशबोर्डवर लाल दिवा असतो, तेल कमी झालं की गाडी ओरडून सांगते. गाडीच्या पोटाखालच्या या चार डब्यांना डिपस्टिक नाही आणि दिवाही नाही. तिथलं तेल कमी झालं तरी गाडी महिनोन्‌महिने चालते आणि जेव्हा आवाज येतो तेव्हा तो तेलाचा नसतो, झिजलेल्या लोखंडाचा असतो. म्हणून मालक नाइलाजानं किलोमीटरचा आधार घेतात: पुस्तिकेत लिहिलेला आकडा मीटरवर आला की तेल बदलायचं. नव्या आणि डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला हा नियम पुरतो. वीस-तीस वर्षं जुन्या फोर-बाय-फोरला मात्र तो फसवा आहे. अशा गाडीचं तेल मीटर बघून नव्हे, तेल बघून बदललं पाहिजे. ते कसं बघायचं आणि बघितल्यावर काय करायचं, हे इथे मांडलं आहे.

‘जुनी गाडी’ म्हणजे कोणती हेही आधी ठरवू. महिंद्रानं १९४७मध्ये मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली आणि त्या घराण्यातली एमएम ५४०, मेजर अशी मंडळी अजून सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना चालती आहेत. मारुतीची जिप्सी १९८५च्या अखेरीस आली. तिनं लष्करात, वनखात्यात आणि पुढे हौशी मंडळींच्या अंगणात जागा मिळवली. त्यांच्या जोडीला फोर-बाय-फोर पिकअप आणि कॅम्पर आहेत, ज्यांवर शेतीचा माल, खडी आणि माणसं सगळंच चढतं. या गाड्यांचे सुटे भाग वेगळे असले तरी रचनेचं सूत्र एक आहे. इंजिनामागे गिअरबॉक्स, त्याच्या मागे किंवा थोडी दूर ट्रान्सफर केस, आणि तिथून निघालेले दोन प्रोपेलर शाफ्ट पुढच्या-मागच्या क्राउनला. त्यामुळे इथे सांगितलेली रीत सगळ्यांना लागू पडेल. तेलाचा प्रकार आणि माप मात्र प्रत्येकानं आपल्या गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यायचं.

मीटर का फसवतो? जुन्या जीपमध्ये स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसमधून बाहेर पडणाऱ्या मागच्या शाफ्टवरून निघते. म्हणजे मीटर चाकांचे फेरे मोजतो, गिअरचे नव्हे. जुन्या जीपच्या स्पायसर १८ या ट्रान्सफर केसचं लो रेंजचं गुणोत्तर सुमारे २.४६ आहे. फोर-लोमध्ये टाकून ओढ्याच्या दगडांतून एक किलोमीटर गेलात, तर मीटरवर एकच किलोमीटर चढतो. पण त्याच गिअरवर हायमध्ये गेला असता त्याच्या अडीचपट फेरे गिअरबॉक्सच्या दात्यांनी मारलेले असतात, तेही भरल्या ओझ्यानं आणि वारा न लागता. तासभर चिखलात झगडलेल्या गाडीच्या मीटरवर चार किलोमीटर दिसतील. तेवढ्या वेळात तेलानं जे सोसलं, ते महामार्गावर पन्नास किलोमीटरमध्येही सोसलं नसतं.

दुसरी गोष्ट मीटर कधीच नोंदवत नाही, ती म्हणजे पाणी. आणि तिसरी, उभं राहणं. जुन्या फोर-बाय-फोर बहुधा रोज चालत नाहीत. उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा, पावसात दर शनिवारी, मग दिवाळीपर्यंत ताडपत्रीखाली. उभ्या गाडीच्या डब्यात दिवसा हवा तापते, रात्री थंड होते, आणि कोकणातल्या दमट हवेत तिच्याबरोबर थोडा थोडा दमटपणा आत जातो. दात्यांच्या वरच्या भागावरचा तेलाचा थर निथळतो आणि उघड्या पोलादावर गंजाचा पहिला डाग पडतो. वर्षात हजार किलोमीटरही न चाललेल्या गाडीचं तेल चाळीस हजार चाललेल्या गाडीपेक्षा वाईट निघू शकतं ते यामुळे. ‘गाडी चालतेच कुठे, तेल कशाला बदलायचं?’ या प्रश्नाचं उत्तर याच वाक्यात आहे: चालत नाही, म्हणूनच बघायचं.

म्हणून पुस्तिकेतला किलोमीटरचा आकडा ही कमाल मर्यादा समजा आणि त्याच्या आत वर्षातून दोनदा तपासणी ठेवा. पहिली मे महिन्यात, पावसाच्या आधी. दुसरी पाऊस सरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास. याशिवाय गाडीचे एक्सल पाण्यात बुडाले असतील तर लगेच. तपासणी म्हणजे दर वेळी तेल बदलणं नव्हे. तपासणीचा खर्च एक सकाळ आणि थोड्या चिंध्या एवढाच आहे.

सुरुवात मोजण्यापासून करा. गाडीखाली जाऊन प्रत्येक डब्याला दोन बोल्ट शोधा: वरचा किंवा बाजूचा भरण्याचा, तळाचा काढण्याचा. काही जुन्या एक्सलना तळाचा बोल्टच नसतो. तिथे मागचं झाकण सोडवावं लागतं किंवा तेल नळीनं ओढून घ्यावं लागतं. जिप्सीच्या कुळातल्या सुझुकी गाड्यांचं माप उदाहरणादाखल घ्या: गिअरबॉक्समध्ये सुमारे १.३ लिटर, ट्रान्सफर केसमध्ये ०.८ लिटर, पुढच्या क्राउनमध्ये २ लिटर, मागच्यात १.५ लिटर. सगळं मिळून साडेपाच-सहा लिटर. यातला ट्रान्सफर केसचा आकडा लक्षात ठेवा. पाऊण लिटरभर तेलावर पूर्ण गाडीचा भार चालतो. त्यातलं पाव लिटर सीलमधून ठिबकून गेलं, तर जमिनीवर जेमतेम एक डाग दिसेल, पण आतलं एक तृतीयांश तेल गेलेलं असेल.

आता या कामातला सगळ्यात महत्त्वाचा नियम. आधी भरण्याचा बोल्ट सोडवा, मगच काढण्याच्या बोल्टला हात लावा. जुन्या गाडीचे हे बोल्ट दहा-दहा वर्षं हललेले नसतात. तळाचा बोल्ट सुटला, तेल परातीत आलं आणि नंतर कळलं की वरचा बोल्ट गंजून बसलाय किंवा त्याचं डोकं गोल झालंय, तर गाडी जागेवर अडकली. वरचा सुटत नसेल तर अजून काही बिघडलेलं नाही. गंज सोडवणारा स्प्रे मारा, रात्रभर मुरू द्या, बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे हलके ठोके द्या आणि सकाळी पुन्हा प्रयत्न करा. चौकोनी खाचेचा बोल्ट असेल तर त्या मापाचाच चौकोनी पाना हवा. षटकोनी असेल तर सहा कोनी गोटी, बारा कोनी नको, कारण ती कोन खाते. पाइप घालून जोर लावण्याआधी बोल्टच्या भोवतीची माती तारेच्या ब्रशनं साफ करा. नाहीतर तो सुटताच सगळी माती आत जाईल. आणि ही सगळी कामं सपाट जमिनीवर, चाकांना ठोकळे लावून करायची. गाडी उचलावी लागली तर पक्क्या स्टँडवरच ठेवायची आणि चारही बाजूंनी सारखी उचलायची, म्हणजे पातळी चुकणार नाही. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही, पाच मिनिटांसाठीसुद्धा, जाऊ नये.

पातळी बघायला उपकरण लागत नाही. गाडी थोडा वेळ उभी राहू द्या, भरण्याचा बोल्ट काढा आणि करंगळी आत घालून खाली वाकवा. बहुतेक गाड्यांत तेल भोकाच्या खालच्या काठाला लागून असायला हवं. काही गाड्यांची पातळी पुस्तिकेत याहून थोडी खाली सांगितलेली असते, ती तशीच पाळा. बोटाला तेल लागलं नाही, तर ते गेलं कुठे हा पुढचा प्रश्न. इथे जुनी गाडी बरंच बोलते. गिअरबॉक्सचं तेल कमी आणि त्याला चिकटून असलेल्या ट्रान्सफर केसचं वाजवीपेक्षा जास्त, असं दिसलं तर दोघांमधलं सील गेलंय आणि तेल एका घरातून दुसऱ्या घरात चाललंय. पुढच्या एक्सलच्या टोकाला, जिथे चाक वळतं तिथल्या लोखंडी गोळ्यावर घट्ट ग्रीसऐवजी पातळ, काळी, ओघळणारी आमटी दिसत असेल, तर आतलं सील फुटून क्राउनचं तेल ग्रीसमध्ये मिसळलंय. आणि मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचे ओघळ दिसले, तर ते काम पुढे ढकलायचं नाही. ते तेल ब्रेकच्या लायनरवर जातं. घाट उतरताना गाडी एका बाजूला ओढणं किंवा ब्रेक न लागणं याचं मूळ अनेकदा क्राउनच्या सीलमध्ये असतं. नुसती पातळी भरून काढणं म्हणजे भोक असलेल्या माठात पाणी ओतणं.

पातळी बघून झाली की तेल बघायचं. नळी लावलेल्या मोठ्या सिरिंजनं थोडं तेल ओढा आणि एका स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्या. शेजारच्या बाटलीत त्याच प्रकारचं नवं तेल ठेवा आणि दोन्ही उजेडासमोर धरा. नुसतं काळपट झालेलं तेल घाबरण्यासारखं नाही. गिअर ऑइल मुळातच उग्र वासाचं असतं, कारण त्यात गंधकाची संयुगं असतात. पण करपल्याचा वास आला तर तेल अति तापलंय. दुधी, चहाच्या रंगाचं तेल म्हणजे पाणी. सोनेरी चमक दिसली, तर पितळ झिजतंय. गिअरबॉक्समध्ये ती बहुधा सिंक्रोनायझरच्या रिंगांची असते. तळाच्या बोल्टला चुंबक असेल तर त्यावर साचलेला करडा, मऊ लेप बोटांत चोळून बघा. तो काजळासारखा विरघळला, तर ती वयानुसारची झीज आहे. टोचणाऱ्या कपच्या, सुईसारखे तुकडे किंवा दात्याचं टोक सापडलं, तर तेल बदलून उपयोग नाही, डबा उघडावा लागेल. या खुणा मीटरवर कुठेही उमटत नाहीत. बाटलीत मात्र त्या पाच मिनिटांत दिसतात.

पाण्याची शंका असेल तर दोन साध्या परीक्षा आहेत. पहिली: गाडी रात्रभर न हलवता ठेवा. गिअर ऑइल पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे सुटं पाणी तळाशी बसतं. सकाळी, भरण्याचा बोल्ट मोकळा आहे याची खात्री करून, तळाचा बोल्ट अगदी थोडा सैल करा आणि पहिले थेंब वाटीत धरा. आधी पाणी आणि मग तेल आलं तर शंका संपली. पण तेलात घुसळून एकजीव झालेलं पाणी असं वेगळं होत नाही. त्यासाठी दुसरी परीक्षा: स्वयंपाकघरात परत न जाणारा एखादा जुना लोखंडी पत्रा चांगला तापवा आणि त्यावर तेलाचा एकच थेंब सोडा. तेल स्वच्छ असेल तर तो शांतपणे पसरून धूर सोडेल. पाणी असेल तर ओली मोहरी फोडणीत पडावी तसा तडतडेल. हे उघड्यावर, तोंड लांब ठेवून आणि डोळ्यांना चष्मा लावून करायचं. दुधी तेल वापरत राहणं म्हणजे बेअरिंगना गंज लावणं. तिथे किलोमीटर किती झाले हा प्रश्नच उरत नाही.

पाणी आत शिरतं कसं, हे कळलं तर ते अडवताही येतं. प्रत्येक क्राउनवर बोटाच्या पेराएवढा एक ब्रीदर असतो. तासभर चाललेला क्राउन गरम असतो आणि आतली हवाही. तो ओढ्याच्या थंड पाण्यात बुडला की हवा आकसते आणि बाहेरून ओढ बसते. ब्रीदर मोकळा आणि पाण्याच्या वर असेल तर हवा आत येते. तो चिखलानं बुजलेला असेल तर ती ओढ सीलवर पडते आणि सीलच्या ओठातून पाणी आत शिरतं. उलट, बुजलेल्या ब्रीदरमुळे तापलेली हवा बाहेर पडू शकत नाही आणि तेल सीलमधून बाहेर ढकललं जातं. नवं सील टाकूनही गळती थांबत नसेल, तर दुसरं सील टाकण्याआधी ब्रीदर बघा. तो काढून रॉकेलनं धुवा आणि फुंकून पाहा. भातलावणीच्या चिखलातून किंवा नदीतून वारंवार जाणाऱ्यांनी ब्रीदरला तेल सोसणारी नळी जोडून ती इंजिनाच्या खोलीत उंच न्यावी. खर्च किरकोळ, फायदा कायमचा.

तेल बदलायचं ठरलं की दुकानात खरी चूक होते. ‘नव्वद नंबर द्या’ एवढं म्हणून भागत नाही. नंबर फक्त घट्टपणा सांगतो. तेलाचं काम जीएलच्या (गिअर ल्युब्रिकंट) आकड्यावरून कळतं. क्राउनमधला पिनियन क्राउन व्हीलच्या मध्यरेषेखाली बसवलेला असतो, त्यामुळे तिथले दाते एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, जोरात घसरतात. ते घर्षण सोसायला गंधक आणि स्फुरदाची संयुगं जास्त असलेलं जीएल-५ लागतं. गिअरबॉक्समध्ये मात्र पितळी सिंक्रोनायझर असतात. त्यांना पकड हवी असते, आणि जुन्या धर्तीच्या जीएल-५मधली संयुगं तापल्यावर पितळाला खाऊ शकतात. म्हणून जुन्या सिंक्रो गिअरबॉक्सना बहुधा जीएल-४ सांगितलेलं असतं. ‘पाच नंबर चारपेक्षा वरचा, मग तोच सगळीकडे टाकू’ हा तर्क इथे चालत नाही, कारण हे वरचे-खालचे वर्ग नाहीत, दोन वेगळी कामं आहेत. ट्रान्सफर केसचंही तसंच. जुन्या जीपची केस गिअरची असते आणि तिला गिअर ऑइल लागतं. नंतरच्या साखळीवर चालणाऱ्या केसमध्ये अनेकदा पातळ, लालसर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) सांगितलेलं असतं. तिथे घट्ट तेल ओतलं तर साखळी आणि तेलाचा छोटा पंप दोघांवर अन्याय होतो. लिमिटेड स्लिप किंवा लॉक होणारा क्राउन असेल तर पुस्तिकेतलं खास तेल किंवा पूरक द्रवच घ्या.

इथे हटकून येणारा एक आक्षेप असा: ‘गाडी जुनी झालीय, दाते झिजलेत, एकशेचाळीस नंबर टाकलं की आवाज बंद होतो.’ आवाज कमी होतो हे खरं आहे. घट्ट तेल सैल दात्यांमधला धक्का शोषतं. पण आवाज दबला म्हणून झीज थांबत नाही. उलट तेच तेल पिनियनच्या पुढच्या बेअरिंगपर्यंत थंडीत वेळेवर पोहोचत नाही. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा इथे कामाला येतो. प्रमाणित कसोटीनुसार ८५डब्ल्यूचं तेल उणे १२ अंशांपर्यंत, ८०डब्ल्यूचं उणे २६ अंशांपर्यंत आणि ७५डब्ल्यूचं उणे ४० अंशांपर्यंत ठरलेल्या मर्यादेपेक्षा घट्ट होत नाही. विदर्भाच्या उन्हाळ्यात, भरल्या पिकअपच्या क्राउनमध्ये पुस्तिका परवानगी देत असेल तर ८५डब्ल्यू-१४० योग्यच आहे. पण तीच गाडी हिवाळ्यात लडाख-स्पितीकडे नेणार असाल तर ते तिथे पहाटे डांबरासारखं होईल. आवाज आला तर तेल घट्ट करण्याआधी बेअरिंग आणि दात्यांमधली फट तपासून घ्या.

प्रत्यक्ष बदलण्याची कृती छोटी आहे. दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून तेल कोमट करा; तापलेलं तेल गाळ घेऊन येतं, थंड तेल गाळ मागे सोडतं. हातमोजे घाला, वरचा बोल्ट काढा, मग तळाचा, आणि निथळायला अर्धा तास द्या. चुंबक पुसा, तांब्याचं वॉशर नवं घाला. तिरक्या आट्यांच्या बोल्टला वॉशर नसतं. तो हातानं नीट बसवून बेतानंच आवळा, नाहीतर ॲल्युमिनियमच्या केसचे आटे निघतात. भरायला हातपंप किंवा वरून सोडलेली नळी आणि नरसाळं पुरतं. घट्ट तेल हळू उतरतं, म्हणून बाटली थोडा वेळ उन्हात ठेवा. भोकातून बारीक धार बाहेर आली की थांबा आणि ती थांबल्यावर बोल्ट लावा. ‘जरा जास्त असलेलं बरं’ असं इथे नसतं. जास्तीचं तेल फेसाळतं, आणि फेस म्हणजे हवा, ती दात्यांना वाचवत नाही. वर ते ब्रीदरमधून आणि सीलमधून बाहेर पडतं. काही किलोमीटर चालवून पातळी पुन्हा बघा.

पाणी शिरलेला डबा डिझेलनं किंवा रॉकेलनं धुण्याची पद्धत सर्रास आहे. तिचा मोह समजण्यासारखा आहे, कारण गाळ झटकन निघतो. पण बेअरिंगच्या आणि हाउसिंगच्या कोपऱ्यांत अडकलेलं डिझेल पूर्ण निथळत नाही आणि नव्या तेलाला पातळ करतं. त्यापेक्षा त्याच ग्रेडचं स्वस्त पण सीलबंद तेल भरा, पन्नास-शंभर किलोमीटर हलक्या हातानं चालवा आणि पुन्हा काढा. तेल अजून दुधी निघालं तर आणखी एकदा. लिटर-दोन लिटर तेलाचा खर्च बेअरिंगच्या संचापेक्षा आणि ते बसवण्याच्या मजुरीपेक्षा कितीतरी कमी आहे.

आणखी तीन आक्षेपांना उत्तर द्यायला हवं. पहिला: ‘फोर-व्हील लावतोच कधी, पुढच्या क्राउनला तेल कशाला?’ हब मोकळे करण्याची सोय नसेल, तर टू-व्हीलमध्येही पुढची चाकं पुढच्या क्राउनला फिरवतच असतात. हब मोकळे करता येत असतील तर उलटी अडचण: क्राउन महिनोन्‌महिने एकाच जागी उभा राहतो. अशा गाडीचे हब महिन्यातून एकदा लॉक करून, ट्रान्सफर केस टू-व्हीलमध्येच ठेवून काही किलोमीटर फिरवा, म्हणजे वरच्या बेअरिंगवर तेल चढेल. दुसरा: ‘जुन्या गाडीचं तेल बदललं की सील गळायला लागतात.’ तेल बदलल्यावर गळती दिसू लागते हे बऱ्याचदा घडतं. पण ती नव्या तेलामुळे होत नाही. फाटलेल्या सीलवर गाळाचं लिंपण बसलेलं असतं, ते धुतलं जातं. गाळ हा सीलचा पर्याय नाही. सील बदला आणि शाफ्टवर त्याच्या ओठानं खाच पाडलीय का तेही बघा, नाहीतर नवं सीलही गळेल.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे: ‘हे मेकॅनिकचं काम आहे, आपण कशाला गाडीखाली जायचं?’ चांगला मेकॅनिक असेल तर काम त्यालाच द्या. पण त्याच्याकडे गाडी दर काही महिन्यांनी जाते, आणि गाडी कुठल्या ओढ्यात उतरली, किती दिवस उभी होती, मागच्या खेपेला किती तेल भरलं, हे त्याला माहीत नसतं. ते मालकालाच माहीत असतं. म्हणून निदानाची निम्मी जबाबदारी मालकाची आहे. एका वहीत तारीख, किलोमीटर, कोणत्या डब्यात कोणतं तेल किती गेलं, चुंबकावर काय दिसलं, एवढं लिहा. प्रत्येक वेळचा नमुना छोट्या काचेच्या बाटलीत चिठ्ठी लावून ठेवा. दोन-तीन बाटल्या शेजारी शेजारी आल्या की गाडीची प्रकृती कुठल्या दिशेला चाललीय ते कुणी सांगावं लागत नाही. काम गॅरेजमध्ये दिलंत तरी सीलबंद डबा आपल्या हातानं द्या, काढलेलं तेल बघायला मागा, आणि भरण्याचा बोल्ट आधी सोडवायला सांगा.

काढलेल्या तेलाचं काय करायचं हेही कामाचाच भाग आहे. वाळवी लागू नये म्हणून ते खांबांना फासायची, बांधावर ओतायची किंवा गटारात सोडायची सवय जुनी आहे, पण चांगली नाही. वापरलेलं तेल २०१६च्या घातक कचरा नियमांत येतं आणि ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. जुन्या डब्यात, पाणी किंवा ब्रेक ऑइल न मिसळता साठवा आणि असं तेल गोळा करून पुढे पाठवणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे द्या.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते आणि दसऱ्याला गाडीच्या बॉनेटवर झेंडूचा हार चढतो. पाऊस नुकताच सरलेला असतो, गाडी चार महिने चिखलपाण्यातून आलेली असते. हार चढवण्याआधी चारही डब्यांचे भरण्याचे बोल्ट सोडवा, करंगळी आत घाला आणि तिला काय लागलं ते उजेडात बघा. मीटरवर कोणताही आकडा असो, तेल बदलायचं की नाही हे त्या बोटावरूनच ठरवा.